अंगाखालचं बटण

वहिनीच्या गालाचं हाड मोडलं ते सलाइनच्या स्टँडनं. कुणाचा तरी म्हातारा बाप दवाखान्यात आणल्याआणल्याच गेला होता, आणि त्याच्या मुलाला आता कुणाला तरी मारायचं होतं. डॉक्टर आतल्या खोलीत, वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन गेलेला, समोर फक्त वहिनी. त्यानं बाटली लोंबकळत असतानाच स्टँड उचलला आणि फिरवला. पहिला फटका गालावर बसला, जबडाही तडकला; दुसरा खांद्यावर. ती ओरडली, पण अपघात विभागात सगळेच ओरडत असतात. सुरक्षारक्षकाची केबिन जिन्यापलीकडे. तो धावत आला तोवर तिच्या तोंडातलं रक्त गळ्यापर्यंत आलं होतं.

वहिनी म्हणजे आमच्या चिक्कूची बायको, त्या दवाखान्यातली सिस्टर. चिक्कू आणि मी भागीदार. आमचा कारखाना म्हणजे छापखान्याच्या डोक्यावरची एक लांबट खोली, दोन टेबलं, एक भिंग आणि सोल्डरिंगचा धूर. दार उघडं राहिलं की सांगणारी, टाकी भरली की सांगणारी, शीतपेटीतलं तापमान कळवणारी अशी लहान लहान बिनतारी यंत्रं आम्ही बनवतो. सगळी सेलवर चालतात. त्यांचे सुटे भाग तो निवडतो, जोडते मी.

त्याला चिक्कू हे नाव मीच दिलं. तसा तो दिलदार आहे, चहा नेहमी तोच पाजतो. त्याची कंजुषी सगळी विजेत. कुठलीही चिप आणली की लोक विचारतात ती किती लांब बोलते. हा विचारणार ती झोपेत किती खाते. “ताई, ही यंत्रं जन्मभर झोपलेली असतात,” तो म्हणायचा. “क्षणभर उठतात, एक शब्द बोलतात, परत झोपतात. झोपेत जी चिप चोरून खाते ती घरात नको.” बोर्डावर मी कधी हौसेनं एखादा बारीक लाल दिवा लावला तर तो चिमट्यानं उपटून टाकायचा. “खायला काळ अन् भुईला भार!” त्याला सेल हवा नाण्याएवढा, तो टिकायला हवा कित्येक वर्षं, आणि आवाज मात्र पोचायला हवा चार भिंतींपलीकडे. आखूडशिंगी, बहुदुधी! असली गाय सापडेपर्यंत तो आठवडेच्या आठवडे चिपांची माहितीपत्रकं चाळत बसायचा आणि मी त्याच्यावर खेकसत राहायची.

माझा स्वभाव उलटा. माझा हात आधी चालतो, तोंड नंतर. मी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होते तेव्हा एका गिऱ्हाइकानं माझा दंड धरला होता. त्याच्या हातावर मी तापलेली सोल्डरिंगची कांडी टेकवली. नोकरी गेली, पण मला त्याचा आजतागायत पश्चात्ताप नाही. चिक्कूला मात्र मी कधी आवाज चढवतानाही पाहिलं नव्हतं. त्याचा बाप पट्ट्यानं मारायचा. “तो दारातून आत आला की मी बंद व्हायचो, ताई,” एवढंच तो एकदा बोलला होता. “श्वाससुद्धा बेतानं घ्यायचो.”

वहिनीचा जबडा तारांनी बांधून ठेवला होता. ती नळीनं पेज प्यायची आणि दातांच्या फटीतून बोलायची. सूज उतरल्याबरोबर ती म्हणाली, “मी पुढच्या आठवड्यापासून कामावर जाणार.”

“नाही जायचं,” चिक्कू म्हणाला.

“मग कोण जाणार? तू टोचणार सुया?”

“तिथं माणसं मारतात.”

“तिथं माणसं मरतात, म्हणून मारतात. मरणाऱ्यांना टाकून घरी बसू?”

मी तिथंच होते. चिक्कूनं तिच्या गालाकडे पाहिलं. तो भाग आत दबला होता आणि डोळ्याखाली पिवळा-जांभळा डाग पसरला होता. मग म्हणाला, “ठीक आहे. पण तू हाक मारलीस तर ती पोचली पाहिजे.”

अशी त्या बटणाची सुरुवात झाली. गणवेशावर नावाची पट्टी लावतात, तिच्या मागे बसेल असं चपटं बटण. दाबलं की रक्षकाच्या केबिनमधल्या पाटीवर त्या सिस्टरचा दिवा लागेल आणि कर्कश घंटा वाजेल. दवाखान्यानं आधी कुठूनतरी असली बटणं आणली होती, पण ती काड्यापेटीएवढी जाड आणि रोज चार्ज करावी लागणारी. नाकापेक्षा मोती जड. सिस्टर लोकांनी ती खुंटीला अडकवून ठेवली आणि मार अंगावर घेतला. त्यामुळे बटण पातळ हवं आणि कधी चार्ज करायला लागू नये, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

रेडिओ कुठला घ्यायचा यावरून मात्र आमचं कडाक्याचं भांडण झालं. एक चिप होती ती कानातल्या बिनतारी इयरफोनच्या जातीची. बारीक लहरींवर बोलणारी, अगदी थोडं खाणारी. तिचा अँटेना तांदळाच्या दाण्याएवढा. दुसरी जाडसर, लांब लहरींची. तिला वीतभर तारेचा अँटेना लागतो आणि ती बोलायला लागली की एकदम एवढा मोठा घास घेते की नाण्याएवढ्या सेलचा दमच जातो. मी म्हटलं, दुसरी घे, ती अडथळ्यांतून बरी जाते. चिक्कूनं मोजमापं माझ्यासमोर टाकली.

“या बोकडाला पोसायला सेल कुठून आणू? जाड झालं की त्या लावणार नाहीत. लावलं नाही तर काय उपयोग?”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आम्ही पहिली चिप घेतली. ती एकदा हाक देऊन गप्प व्हायची. उत्तर ऐकायला थांबायची नाही, कारण ऐकण्यातही वीज जाते. मग आम्ही दवाखान्यात जाऊन तपासलं. वहिनी पट्टी लावून लोखंडी दारामागे उभी राहिली, क्ष-किरणाच्या खोलीत उभी राहिली, जिन्यात उभी राहिली. बटण दाबलं की केबिनमध्ये घंटा वाजायची. एकही हाक चुकली नाही. मोठी सिस्टर, म्हणजे त्यांची मुख्य, एरवी ढिम्म हसत नाही; तिनं चिक्कूच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी त्यानं मला दोनदा चहा पाजला.

मग धाकटी सिस्टर तुडवली गेली.

ती नुकतीच लागली होती. भोसकाभोसकीतला एक जखमी आला आणि त्याच्यामागून त्याला भोसकणारेही आले, राहिलेलं काम पुरं करायला. ती पडदा धरून मध्ये उभी राहिली. एकानं तिला केसांनी धरून खाटेच्या कडेवर आपटलं. खाली पडल्यावर दोघांनी लाथा घातल्या, कमरेत, पोटात, बरगड्यांत. तिचा आवाज फुटला नाही, पण बटण तिनं दाबलं होतं. केबिनमध्ये रक्षक रेडिओवर सामना ऐकत बसला होता. त्याच्या पाटीवर काहीही लागलं नाही. वहिनी औषधं घेऊन परत आली तेव्हा ते लोक निघून गेले होते आणि खाटेवरचा जखमी गळा चिरून मेलेला होता. धाकटी सिस्टर पालथी पडलेली होती, गुडघे पोटाशी, आणि अंगठा अजून पट्टीवर. मुका मार होता. बाहेर रक्ताचा थेंब नाही, आत प्लीहा फुटलेली. शस्त्रक्रियेत ती काढून टाकावी लागली. पोरगी वाचली, पण बरेच दिवस तिला कुणी नुसतं पांघरूण घालायला जवळ गेलं तरी ती किंचाळायची.

वहिनी गणवेशावरच आमच्या खोलीत आली. बाहीवर वाळलेलं रक्त होतं. तिनं ती पट्टी चिक्कूच्या टेबलावर आपटली आणि त्याच्या कानाखाली अशी एक ठेवून दिली की भिंग खाली पडून फुटलं.

“तिचा अंगठा काढावा लागला मला त्यावरून,” ती म्हणाली. “इतका आवळला होता. ती समजत होती की कुणीतरी येतंय.”

चिक्कू गालाला हात न लावता उभा राहिला. वहिनी खुर्चीवर बसून हुंदके द्यायला लागली. तिचा जबडा अजून नीट उघडत नव्हता, त्यामुळे ते रडणंही दातांतून आल्यासारखं येत होतं. मी तिला पाणी दिलं. मला त्या वेळी ते भोसकणारे समोर हवे होते. एकेकाची कणीक तिंबली असती.

चिक्कूनं बटण तपासलं. सेल भरलेला, चिप ठणठणीत. दाबलं की आमच्या खोलीतली घंटा लगेच वाजली. त्यानं ते स्वतःच्या शर्टावर लावलं, उभ्यानं दाबलं, वाजली. भिंतीआड जाऊन दाबलं, वाजली. मग तो थांबला. त्याचा चेहरा असा उतरला की मला वाटलं याला चक्कर येतेय. तो जमिनीवर पालथा पडला, गुडघे पोटाशी घेतले, डोकं खाली घातलं आणि अंगाखाली दाबलं.

घंटा गप्प.

“ताई, माझ्यावर बस.”

मी पाठीवर गुडघा रोवून भार दिला. तो दाबत राहिला. घंटा गप्पच.

माणूस म्हणजे बहुतेक पाणीच. त्या बारीक लहरी पाण्यात जिरून जातात. उभ्या माणसाच्या छातीवरून हाक सुटते, पण तोच माणूस बटणावर पालथा पडला, वरून आणखी कुणी बसलं, की ती त्याच्याच मांसात विरते. आमच्या धंद्यात सगळे टेबलावर आणि उभ्यानं तपासतात. मार खाणारं माणूस उभं राहत नाही, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

चिक्कू उठला नाही. जमिनीकडे तोंड करूनच म्हणाला, “मी असाच पडायचो. बाप पट्टा काढायचा आणि मी असाच पडायचो, पोट झाकून. रोज. बाकी कुणाला माहीत नव्हतं, ते एक वेळ चालेल. मला माहीत नव्हतं?” आणि त्यानं कपाळ फरशीवर आपटलं. परत आपटलं. मी आणि वहिनीनं त्याला धरला तेव्हा भुवईवरून रक्त वाहत होतं.

दुसऱ्या दिवशीच त्यानं ती जाडी चिप घेतली. सगळी कंजुषी सोडली. सेलच्या शेजारी विजेचा साठा करणारा एक चपटा भाग बसवला. तो गुपचूप भरत राहायचा आणि हाक द्यायच्या वेळी तो मोठा घास पुरवायचा. तारेचा अँटेना पट्टीतून काढून खांद्याच्या शिवणीत, मानेमागे नेला, म्हणजे पालथं पडलं तरी तो पाठीकडे मोकळा राहील. ज्याचं नाव काढलं तरी तो पूर्वी अंगावर यायचा, तेही त्यानं केलं: हाक पोचली की केबिनकडून उत्तर येईल आणि बटण अंगठ्याखाली एकदा थरथरेल. उत्तर येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा हाक देत राहील. “खाऊ दे वीज,” म्हणाला. “दर महिन्याला सेल बदलू. तिला कळलं पाहिजे की कुणी ऐकलंय.”

आता तपासायचं कसं? मार खाणाऱ्या अंगाखाली. म्हणजे मारायला कुणीतरी हवं.

मी आधी हात आखडता घेतला. तो खालून ओरडायचा, “असं नाही मारत कुणी, ताई! हे काय, पाठ चोळतेस?” मग मी लाथ घातली. मग गुडघा. मग बुक्क्या. तो वळायचा, सरपटायचा, बटणावर पडायचा, हातावर पडायचा, आणि मी त्याला केसांनी ओढून पुन्हा पालथा घालायची. खरं सांगते, मला ते आवडायला लागलं होतं. धाकट्या सिस्टरला तुडवणारे, दंड धरणारं ते गिऱ्हाईक, सगळ्यांचा राग माझ्या मुठीत उतरला होता आणि मुठीखाली बिचारा चिक्कू होता. घंटा वाजायची आणि मी थांबायची नाही. खालचा छापखानेवाला धावत वर आला. “खून करताय काय हो?” मी घामानं निथळत होते, चिक्कूच्या नाकातून रक्त, आणि तो फरशीवर पडून हसत होता. “वाजतंय! काका, प्रत्येक वेळी वाजतंय!” छापखानेवाल्यानं दोघांना मनापासून शिव्या दिल्या आणि गेला.

त्या हसण्याची मला भीती वाटायला हवी होती. त्याच्या अंगात इतकी वर्षं कोंडलेलं काहीतरी सुटलं होतं, आणि मला वाटत होतं की ते फक्त समाधान आहे.

नवीन बटणं सगळ्यांना दिली. केबिनमधल्या पाटीचा अँटेना जरा वर चढवायचा राहिला होता, म्हणून एका दुपारी आम्ही दोघं तिथं गेलो. चिक्कू स्टुलावर उभा होता, मी वायर धरली होती. घंटा वाजली. दिवा वहिनीचा.

रक्षक काठी घेऊन पळाला. चिक्कू स्टुलावरून उडी मारून त्याच्या पुढे गेला. माझा गुडघा दुखरा, मी मागे राहिले. म्हटलं, कुणीतरी पाटीजवळ हवंच. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. पोचली होती हाक. माणसं वेळेत गेली होती.

थोड्या वेळानं घंटा पुन्हा वाजली. पुन्हा वहिनीचाच दिवा.

मला वाटलं, आणखी लोक आलेत. मी पक्कड उचलली आणि लंगडत, भिंतीला धरत धावले. मनात ठरवलेलं होतं, जो पहिला दिसेल त्याच्या डोक्यात घालायची.

आत वहिनी भिंतीला टेकून बसली होती. ओठ फाटलेला, गणवेशाची बाही खांद्यापासून फाटून लोंबत होती. अंगठा पट्टीवर. तिच्यासमोर फरशीवर एक धिप्पाड माणूस पडला होता. त्याची बायको आत टेबलावर अत्यवस्थ होती, आणि उशीर का होतोय म्हणून त्यानं वहिनीला खाली पाडलं होतं, हे मला नंतर कळलं. आता तो पालथा होता, डोक्यावर दोन्ही हात घेतलेला. त्याच्या पाठीवर चिक्कू होता. रक्षकाची काठी चिक्कूच्या हातात होती आणि रक्षक स्वतः कोपर धरून बाजूला कण्हत होता, कारण मध्ये पडल्यावर एक त्यालाही बसली होती. चिक्कू मारत होता. त्याच्या तोंडातून आवाज येत नव्हता. खालच्या माणसाची बोटं मोडून वाकडी झाली होती आणि प्रत्येक फटक्याला त्याचं डोकं फरशीवर आदळत होतं.

“सोड त्याला,” वहिनी म्हणत होती. “सोड. अरे सोड!” आणि अंगठा दाबत होती.

मी हातातली पक्कड टाकली आणि मागून चिक्कूच्या गळ्यात हात घातला. तेवढ्यात दुसऱ्या दालनातले दोन वॉर्डबॉय आले. तिघांनी मिळून त्याला ओढून काढला. त्याच्या अंगात इतकं बळ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. काठी हातातून सुटल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण ओळख पटायला वेळ लागला.

“तो तुला मारत होता,” तो वहिनीला म्हणाला.

“तो थांबला होता. तुम्हाला बघून लगेच थांबला. हात वर केले होते त्यानं.” वहिनी ओठावर बाही दाबत उठली आणि त्या माणसाच्या मानेवर बोटं ठेवून नाडी बघायला लागली. “तू थांबत नव्हतास. मग मी कुणाला बोलावू?”

चिक्कू आपल्या हातांकडे बघत राहिला. त्या माणसाची मला काडीची दया आली नाही. वहिनीचा मात्र संताप आला. नवरा जिवाच्या आकांतानं धावून आला आणि ही बया त्याच्याविरुद्ध घंटा वाजवते! पण मग मला आमच्या खोलीतल्या फरशीवरचा तो रक्ताळलेला हसरा चेहरा दिसला, आणि माझ्या मुठी कशा थांबत नव्हत्या ते आठवलं.

पोलीस आला. त्यानं चष्मा पुसला, पाडलेल्या माणसाकडे पाहिलं, वहिनीच्या ओठाकडे पाहिलं, बाकावर दोन वॉर्डबॉयच्या मध्ये बसलेल्या चिक्कूकडे पाहिलं. धाकटी सिस्टर दारात उभी होती. त्याच दिवशी ती कामावर परतली होती. तिचा हात स्वतःच्या पट्टीवर होता आणि नजर चिक्कूवर.

“तक्रार कुणावर घ्यायची, सिस्टर?” पोलिसानं विचारलं.

वहिनीनं धाकटीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. चिक्कूनं मान खाली घातली.

“दोघांवर,” ती म्हणाली, आणि त्या माणसाचं फुटलेलं डोकं शिवायला आत गेली.